दुसऱ्या शहरात का नाही गेलात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा, बायको आणि दोन लहान मुलं, असं एक कुटुंब देशाच्या उत्तर भागातल्या लढाईतून निघालं. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात त्यांनी नऊ आठवडे काढले आणि मग सीमा ओलांडून आश्रयासाठी अर्ज केला. उत्तरेत त्यांच्या जिवाला धोका आहे हे अधिकाऱ्याने मान्य केलं, तरी अर्ज फेटाळला. कारण एका परिच्छेदाचं: दक्षिणेत लढाई नाही, तिथे राहता आलं असतं. नवऱ्याचा सख्खा भाऊ अजून त्याच शहरात राहतो, हेही निकालपत्रात नोंदवलं आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई या कुटुंबाला अपिलासाठी मदत करताहेत आणि त्यांना वाटतंय की ते नऊ आठवडे आणि हा भाऊ, या दोन गोष्टींनी केस संपलीच.

संपलेली नाही. अशा फायली मी बरीच वर्षं हाताळतो आहे. ज्या निकालपत्रात धोका मान्य केलेला असतो ते हातात आलं की मला आधी हायसंच वाटतं, कारण सगळ्यात अवघड चढण चढून झालेली असते. आता भांडण त्या एका परिच्छेदाशी आहे आणि हा परिच्छेद बहुतेक वेळा घाईत लिहिलेला असतो.

आधी प्रश्नच नीट करून घ्या. मुलाखतीत विचारतात, "तुम्ही दुसऱ्या शहरात का नाही गेलात?" अर्जदार बिचारा गुन्हा केल्यासारखा खुलासे देत बसतो. पण कायद्याला त्या भूतकाळाशी फारसं कर्तव्य नाही. आज यांना परत पाठवलं तर नेमक्या कुठे, कोणत्या रस्त्याने, कोणत्या कागदपत्रांवर पोचतील आणि तिथे कसे जगतील, हा खरा प्रश्न. तेव्हा गेले होते की नव्हते, हा त्या प्रश्नावरचा एक पुरावा, बस.

मुळात १९५१ च्या निर्वासित करारात 'अंतर्गत स्थलांतराचा पर्याय' (म्हणजे स्वतःच्याच देशाच्या दुसऱ्या भागात जाऊन राहणं) हे शब्दच नाहीत. निर्वासिताच्या व्याख्येत एवढंच आहे की त्याला स्वतःच्या देशाचं संरक्षण घेता येत नाही, किंवा भीतीपोटी ते घ्यायला तो तयार नाही. त्या 'संरक्षण' शब्दावरून न्यायालयांनी पुढे हा पर्याय काढला: देशाच्याच दुसऱ्या कोपऱ्यात संरक्षण मिळत असेल तर परक्या देशाने का द्यावं? यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय, याच्या १९७९ च्या हस्तपुस्तिकेतला ९१ वा परिच्छेद या वादात कायम पुढे येतो. गंमत अशी की तो अर्जदाराच्या बाजूने लिहिलेला आहे. यादवी युद्धात छळ देशाच्या एकाच भागात होत असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या भागात जाण्याची अपेक्षा सगळी परिस्थिती पाहता वाजवी नसेल, तर केवळ जाता आलं असतं म्हणून कुणाला दर्जा नाकारू नये, असा त्याचा आशय. ढाल म्हणून दिलेलं वाक्य पुढे तलवार म्हणून फिरवलं गेलं.

सगळीकडे कायदा एकच आहे असंही नाही, म्हणून कुटुंब कोणत्या देशात अर्ज करतंय हे आधी पाहा. आफ्रिकी देशांच्या १९६९ च्या करारात युद्ध, आक्रमण किंवा गंभीर अशांततेमुळे पळालेल्यांची जी व्यापक व्याख्या आहे, तिच्यात ही स्थिती देशाच्या 'एखाद्या भागात किंवा संपूर्ण देशात' असली तरी चालते. त्या व्याख्येखाली अर्ज असेल तर 'दुसऱ्या भागात जा' हे म्हणायला जागाच उरू नये. ऑस्ट्रेलिया दुसऱ्या टोकाला. तिथे २०१४ च्या दुरुस्तीने निर्वासिताच्या व्याख्येतच धोका देशाच्या सर्व भागांत असला पाहिजे असं घातलं. देशाच्या दुसऱ्या भागात राहायला जाणं वाजवी आहे का, हा प्रश्न फक्त पूरक संरक्षणात, म्हणजे निर्वासित ठरत नाही पण परत पाठवलं तर गंभीर इजेचा धोका आहे अशा माणसाला मिळणाऱ्या संरक्षणात, शिल्लक राहिला. बाकी बहुतेक ठिकाणी दोन प्रश्न विचारले जातात: ती जागा यांच्यासाठी सुरक्षित आहे का, आणि असेल तर तिथे जाऊन राहा म्हणणं वाजवी आहे का. यूएनएचसीआरच्या जुलै २००३ च्या मार्गदर्शक सूचनांची मांडणीही याच दोन टप्प्यांची आहे. त्या डाउनलोड करून ठेवा. मोजक्या पानांच्या आहेत आणि अपिलाचा सांगाडा त्यांतच तयार मिळतो.

आता तुमच्या निकालपत्राकडे. 'दक्षिणेत' म्हणजे कुठे? दक्षिण ही दिशा झाली. पर्याय सुचवायचा तर जागेचं नाव घ्यावं लागतं आणि अर्जदाराला त्यावर बोलायची संधी द्यावी लागते. त्या २००३ च्या सूचना हे स्पष्ट सांगतात. कॅनडात रासारत्नम खटल्यापासून हाच नियम आहे की हा मुद्दा काढायचा असेल तर तशी सूचना आधी द्यायला हवी. मात्र एकदा मुद्दा निघाला की तो खोडायची जबाबदारी तिथे अर्जदारावर येते. अमेरिकेत पूर्वी छळ झाल्याचं सिद्ध असेल तर उलट, स्थलांतर शक्य आणि वाजवी आहे हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. मुलाखतीची प्रत मागवा आणि त्या शहराचं नाव अधिकाऱ्याच्या तोंडून कधी आलं ते शोधा. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक प्रतींत ते आलेलंच नसतं. थेट निकालातच उगवतं. अपिलाचा पहिला मुद्दा तिथेच मिळतो.

दुसरं, छळणारा कोण? तो सरकार किंवा सरकारचं सैन्य असेल तर ज्या भागावर त्याच सरकारची सत्ता आहे तिथे संरक्षण मिळेल असं गृहीत धरणं विचित्र आहे. बहुतेक व्यवस्थांत तिथून सुरुवातच उलट होते: पर्याय नाही असं धरून चालायचं. ब्रिटनमध्ये जनुझी खटल्यात, २००६ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एवढा पक्का नियम मानला नाही. छळणारा आणि सत्ता यांचं नातं जितकं जवळचं तितका पर्याय दुरावतो, असं म्हटलं. छळणारा बंडखोर गट किंवा स्थानिक टोळी असेल तर तुम्हाला दाखवावं लागेल की त्यांचा हात दक्षिणेपर्यंत पोचतो. त्यांचा नेता तिथल्या राजकारणात आहे का, त्यांची माणसं तिथे कुणाला उचलून घेऊन गेली आहेत का, या नवऱ्याला ते नावाने ओळखतात की तो त्यांच्या लेखी हजारांतला एक होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. 'सगळे माझ्याच मागावर आहेत' असं ओढून ताणून मांडलं की आख्खी केस सैल पडते.

आता रस्ता. नकाशावर दोन शहरांमधलं अंतर बोटाने मोजता येतं. माणसाला मात्र ते नाक्यानाक्यावर मोजावं लागतं. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने सलाह शेख खटल्यात, २००७ मध्ये, एका सोमाली तरुणाबद्दल तीन गोष्टी विचारल्या: त्या भागापर्यंत प्रवास करता येईल का, तिथे प्रवेश मिळेल का आणि तिथे स्थायिक होता येईल का. नेदरलँड्स त्याला तुलनेने शांत म्हटल्या जाणाऱ्या उत्तर सोमालियाकडे पाठवू पाहत होतं, पण तिथे त्याच्या कुळाचं कुणी नव्हतं आणि कुळाशिवाय तिथे थारा नव्हता. युरोपीय संघाच्या कायद्याचा इतिहासही बोलका आहे. २००४ च्या निर्देशात परतीच्या वाटेवर 'तांत्रिक अडथळे' असले तरी पर्याय लागू करता येईल अशी तरतूद होती. विमान नाही, रस्ता बंद आहे, तरी पर्याय आहेच! २०११ च्या सुधारित निर्देशात ती काढली आणि सुरक्षितपणे, कायदेशीरपणे तिथे पोचता येणं, प्रवेश मिळणं व राहण्याची अपेक्षा वाजवी असणं, या अटी घातल्या. कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयानेही १९९३ च्या थिरुनावुक्करसू निकालात म्हटलं होतं की तिथे पोचण्यासाठी माणसाने युद्धरेषा ओलांडावी किंवा डोंगरातल्या गुहेत, वाळवंटात, जंगलात लपून राहावं अशी अपेक्षा करता येणार नाही.

म्हणून अपिलात रस्ता लिहा. परतीचं विमान कोणत्या विमानतळावर उतरतं, तो कुणाच्या ताब्यात आहे, तिथून त्या शहरापर्यंत किती नाके, प्रत्येक नाक्यावर कोण, ते काय पाहतात. हे सगळं एका पानावर, तारखेसह. न्यायाधीश हे पान वाचतात. देशस्थितीचा दोनशे पानी अहवाल चाळतात.

नाक्यावर पाहतात ते कागद. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण कितीतरी केसेस याच गोष्टीवर फिरतात आणि अर्जदारांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही. इराकी अर्जांमध्ये एका साध्या ओळखपत्रावरून ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने निकालांमागून निकाल दिले आहेत. ते कार्ड नसेल तर देशांतर्गत नाके सुरक्षितपणे ओलांडता येत नाहीत, आणि नव्या बायोमेट्रिक कार्डासाठी माणसाला आपल्या मूळ गावच्या नोंदणी कार्यालयात स्वतः हजर व्हावं लागतं. ज्या गावातून जीव वाचवून पळालो, कार्डासाठी त्याच गावात जायचं. कार्डावर जन्मगाव छापलेलं असतं, आडनावावरून जमात कळते, बोलीवरून प्रांत कळतो.

सुरक्षित शहर बाहेरून आलेल्या प्रत्येकासाठी सुरक्षित असतंच असंही नाही. श्रीलंकेतल्या तमिळांच्या अर्जांत 'कोलंबोला जा' हे उत्तर वर्षानुवर्षं दिलं गेलं. ७ जून २००७ च्या पहाटे याच कोलंबोत पोलिसांनी लॉजवर उतरलेल्या ३७६ तमिळांना बसमध्ये बसवून शहराबाहेर काढलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, पण ज्या शहराकडे पर्याय म्हणून बोट दाखवलं जात होतं ते शहर उत्तरेकडून आलेल्या तमिळ माणसाकडे कसं बघत होतं, हे त्या बसगाड्यांनी सांगितलं. तुमच्या दक्षिणेतल्या शहरात उत्तरेकडून आलेल्यांची नोंदणी होते का? घरमालकाला भाडेकरूंची यादी पोलिसात द्यावी लागते का? पुरुषांची नोंदणी झाली की सैन्यभरतीचं बोलावणं येतं का? हे विचारा.

आता ते नऊ आठवडे. एक जुनी फाईल सांगतो. निकालपत्रात वाक्य होतं: 'अर्जदार राजधानीत आत्याकडे तीन आठवडे सुखरूप राहिला.' मी त्या मुलाला समोर बसवून विचारायला लागलो. सकाळी उठून काय करायचास? काही नाही. बाहेर जायचास? नाही. केस कापायला? आत्याने कापले, कात्रीने, न्हाणीघरात. खिडकी? पडदा कायम ओढलेला. आत्याने शेजाऱ्यांना आपण एकटीच राहतो असं सांगितलेलं होतं, म्हणून ती घराबाहेर असताना त्याने नळसुद्धा सोडायचा नाही असं ठरलं होतं. यातलं एक अक्षर मुलाखतीत आलं नव्हतं, कारण अधिकाऱ्याने विचारलं होतं, "तिथे तुम्हाला काही झालं का?" आणि त्याने खरं उत्तर दिलं होतं, "नाही." लपून राहणं म्हणजे संरक्षण मिळणं नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे, पण तो लपून होता हे कुणीतरी नोंदवायला हवं ना. आम्ही नळाची गोष्ट शपथपत्रात जशीच्या तशी घातली.

तेव्हा तुमच्या कुटुंबाकडून त्या नऊ आठवड्यांचा एकेक दिवस काढून घ्या. किती जागा बदलल्या? मुलं शाळेत गेली का? नसतील तर शाळेने काय कारण दिलं? दवाखान्यात कुणाचं नाव लावलं? शहर सोडायचं ठरलं तो दिवस कोणता आणि त्याच्या आदल्या दिवशी काय घडलं? आणि उत्तर 'तसं सगळं ठीक होतं, पण पुढचं भवितव्य दिसत नव्हतं' असं आलं, तर तेही स्वीकारा. मग केस सुरक्षिततेवर नाही, वाजवीपणावर लढायची आहे, आणि ती जास्त चढाची आहे.

किती चढाची, ते स्पष्ट सांगतो. जनुझीत ठरलं की आश्रय देणाऱ्या देशातल्या राहणीमानाशी तुलना करायची नाही; तिकडे राहणं या माणसासाठी अवाजवी खडतर होईल का, एवढंच पाहायचं. २००७ मध्ये सुदानमधल्या डारफुर भागातल्या शेतकऱ्यांनी राजधानी खार्तूमच्या झोपडवस्तीत, विस्थापितांच्या छावणीत जाऊन राहावं हे त्याच न्यायालयाने अवाजवी मानलं नाही, कारण तिथली दैना इतर हजारो गरीब सुदानी लोकांसारखीच होती. दोनच वर्षांनी नवे पुरावे आले आणि ब्रिटनच्याच न्यायाधिकरणाने बिगर-अरब डारफुरींना सुदानमध्ये दुसरीकडे पाठवणं वाजवी नाही असा मार्गदर्शक निकाल दिला. कॅनडात तर रंगनाथन निकालापासून पट्टी फारच वर आहे: जिवाला आणि सुरक्षिततेला धोका पोचवणारी परिस्थिती, तीही ठोस पुराव्यानिशी. नातेवाईक नाहीत, नोकरी मिळणार नाही, एवढ्याने तिथे भागत नाही. मला ही पट्टी चुकीची वाटते, पण माझ्या वाटण्याने अपील जिंकता येत नाही. म्हणून 'तिथे गरिबी आहे' असं लिहू नका. या चौघांचं लिहा. आईचं दुखणं, त्यावरचं औषध तिथे मिळतं का. धाकट्याला विमानाचा आवाज आला की काय होतं. नवऱ्याचा धंदा जमिनीवरचा होता की कुठेही नेता येण्यासारखा. एकट्या, धडधाकट तरुणाला जे वाजवी ठरतं ते दोन लहान मुलांच्या आईवडिलांना ठरेलच असं नाही, आणि हा फरक निर्णय देणारे मान्य करतात.

अधिकाऱ्याने ज्या अहवालावरून दक्षिण शांत आहे म्हटलं, त्याची तारीख पाहिलीत का? युद्धात सुरक्षित शहर हे दुधासारखं असतं, त्यावर तारीख लागते. अफगाण अर्जांत युरोपीय आश्रय साहाय्य कार्यालयाच्या मार्गदर्शनात काबूल, हेरात आणि मझार-ए-शरीफ ही तीन शहरं एकट्या धडधाकट पुरुषांसाठी वाजवी पर्याय ठरू शकतात असं म्हटलेलं होतं. काबूल सर्वसाधारणपणे पर्याय धरू नये, असं यूएनएचसीआरने ऑगस्ट २०१८ मध्येच सांगितलं होतं. तरी २०२० मध्ये ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने निरोगी एकट्या पुरुषासाठी काबूल अवाजवी नाही असा निकाल दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये बारा ते पंधरा तारखांच्या दरम्यान तिन्ही शहरं तालिबानच्या हातात गेली. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला लढाई पेटल्यावर खार्तूममधून लाखो लोक बाहेर पडले. त्यातले बरेच जण वाद मदनी या शहरात जाऊन थांबले, आणि डिसेंबरात वाद मदनीही निमलष्करी दलाने घेतली. जे एकदा पळाले होते ते दुसऱ्यांदा पळाले. तेव्हा सुनावणीच्या आदल्या आठवड्यापर्यंतच्या बातम्या, यूएनएचसीआरची त्या देशाबद्दलची ताजी भूमिका आणि आघाडी कोणत्या दिशेने सरकतेय याचे दोन नकाशे, एक निकालाच्या दिवशीचा आणि एक आजचा, जोडा.

दक्षिणेत बॉम्ब पडत असतील, पण कुणाला हेरून नाही, तर युरोपीय संघात पूरक संरक्षणाचा मुद्दा स्वतंत्रपणे उभा राहतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या एल्गाफाजी निकालाने, २००९ मध्ये, इथे सरकती पट्टी दिली: माणसाची वैयक्तिक परिस्थिती जितकी नाजूक, तितकी सरसकट हिंसेची पातळी कमी असली तरी चालते. आणि २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की ही पातळी केवळ मृतांच्या आकड्यांवरून ठरवायची नाही. दुसऱ्या अर्जदारांच्या केसमध्ये हा मुद्दा मी शेवटी ठेवतो. मुलं असलेल्या कुटुंबात वर आणतो.

राहिला भाऊ. निकालपत्र म्हणतं, भाऊ तिथे राहतो म्हणजे तिथे राहता येतं. भाऊ आणि अर्जदार यांच्यात फरक काय, एवढंच तुम्हाला दाखवायचं आहे. भाऊ शहरात कधी आला, लढाईआधी की नंतर? त्याचं ओळखपत्र कुठल्या पत्त्याचं? भाडेकरार कुणाच्या नावावर? त्याच्याकडे किती खोल्या आणि त्यात आधीच किती माणसं? एका फायलीत भाऊ पंधरा वर्षांपूर्वी लग्न करून दक्षिणेत गेलेला, सासऱ्याच्या नावावर घर, कार्डावर दक्षिणेचाच पत्ता, आणि ज्या गटाने धाकट्याला शोधलं त्याच्याशी त्याचा कधी संबंधच आलेला नव्हता. दोघांचं आडनाव एक, बाकी काही एक नव्हतं.

त्याचं निवेदन घ्या, पण जपून. तो अजून तिथे आहे. त्याचा पत्ता आणि फोन निकालपत्रात छापून येणार नाहीत अशी विनंती न्यायाधिकरणाला आधी लेखी करा, आणि त्याला उघड्या मेसेजवर काही लिहायला लावू नका. निवेदनावर तारीख हवी, भाषांतर करणाऱ्याची सही हवी. हे यायला दोन-तीन आठवडे लागतील आणि अपिलाची मुदत त्याआधीच संपू शकते, म्हणून अपिलाची नोटीस आज-उद्याच दाखल करा आणि पुरावा मागाहून जोडत असल्याचं तिच्यातच लिहा.